दाढ दुखायची थांबली आणि मी फसलो : रूट कॅनालबद्दल थोडं

हेडफोन लावून, एक हात गालावर ठेवून ऐकणारे काही जण नक्की असतील. आजचा भाग खास तुमच्यासाठी.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी हिंजवडीत कोड लिहितो. पण रूट कॅनाल दोनदा करून घेतलंय. पहिल्या वेळी दाढ गमावली, दुसऱ्या वेळी वाचवली. दोन्ही वेळा डॉक्टर चांगलेच होते. फरक होता तो माझ्या वागण्यात.

पहिली गोष्ट ऐका. उजवीकडची खालची दाढ. सुरुवातीला थंड पाण्याने नुसती सणक यायची. मग चहाचा घोट घेतला की ठणका सुरू व्हायचा, तो बराच वेळ थांबायचाच नाही. रात्री आडवं झालं की आणखी वाढायचा. उशीवर उशी रचून मी बसल्या बसल्या झोपायचो. आईला फोन केला तर म्हणाली, "अरे, लवंग धर दाढेत, आणि उद्या डॉक्टरकडे जा." मी लवंगेचं ऐकलं, पुढचं नाही. रिलीज तोंडावर आलं होतं ना!

आणि पाचव्या दिवशी दुखणं गायब. मी खूश! वाटलं, बरी झाली दाढ.

इथेच फसतो आपण. दाताच्या आत एक मऊ भाग असतो, त्याला पल्प म्हणतात. त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की तो भाग सुजतो. पण बाहेरचा दात टणक, सुजेला पसरायला जागाच नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. हळूहळू तो भाग मरतो. नस मेली की दुखणार कशाला? पण जंतू आतच असतात, आणि मुळाच्या टोकातून हाडाकडे जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट म्यूट झाला होता, बग तसाच होता.

दोन महिन्यांनी त्या दाढेखाली हिरडीवर पुळी आली, त्यातून पू यायला लागला. तेव्हा गेलो. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. दोन सिटिंगमध्ये रूट कॅनाल झालं. डॉक्टर म्हणाल्या, "आता कॅप बसवून घ्या, उशीर करू नका." कॅपचा खर्च वेगळा होता, कंपनीच्या विम्यात तो बसत नव्हता, आणि दुखतही नव्हतं. म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. दिवाळीत चकली खाताना कट्‌कन आवाज आला. दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत. काढावीच लागली.

कारण साधं आहे. आधी कीड, मग उपचारासाठी वरून केलेलं छिद्र. आतून पोखरलेल्या भिंती चावण्याचा जोर किती दिवस सोसणार? पुढच्या दातांना दरवेळी कॅप लागत नाही, पण दाढेला बहुतेक वेळा लागतेच.

आता दुसरी वेळ. डावीकडची दाढ. या वेळी चहाने ठणका लागला आणि दुसऱ्याच दिवशी मी खुर्चीत. तिथे काय काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला धसका बसणार नाही.

आधी एक्स-रे. मग भुलेचं इंजेक्शन. टोचतं, खोटं कशाला बोलू? पण थोडाच वेळ. थोडी धडधड होऊ शकते, कारण भुलेच्या औषधात बऱ्याचदा अॅड्रेनलिन असतं. थोड्या वेळाने अर्धा ओठ सुजल्यासारखा वाटतो, तो सुजलेला नसतो. दाढ फार पेटलेली असेल तर भूल कमी चढते. मला मध्येच कळ आली, मी डावा हात वर केला, डॉक्टर थांबल्या, आणखी भूल दिली. हे आधीच ठरवून ठेवा. सहन करून शूरपणा दाखवायची ही जागा नव्हे.

मग दातावर रबराचा पातळ पडदा लावतात. थुंकी दातात जाऊ नये आणि औषध घशात जाऊ नये म्हणून. वरून छिद्र करून बारीक सुईसारख्या फाइल्सनी मुळातल्या नळ्या साफ करतात. दाढेत अशा तीन-चार नळ्या असतात, म्हणून वेळ लागतो. मध्ये स्विमिंग पूलसारखा वास येतो, ते जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट. शेवटी नळ्यांमध्ये गट्टापर्चा भरतात. झाडाच्या चिकापासून होणारा पदार्थ. १८५८ साली अटलांटिक समुद्राखालून टाकलेल्या तारेच्या केबलला याचंच वेष्टन होतं! हे कळल्यावर मला माझ्या दाढेबद्दल आदरच वाटायला लागला.

घरी आल्यावर भूल उतरेपर्यंत जेवू नका, गाल चावला जातो. दोन-तीन दिवस चावताना दुखतं, डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरते. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर फोन करा. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून खाऊ नका. मेलेल्या पल्पला रक्तपुरवठाच नसतो, गोळी तिथे पोचणार कशी?

जायच्या आधी तीन प्रश्न विचारा. सिटिंग किती? कॅप धरून एकूण खर्च किती? कॅप कधी बसणार? मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, कशाची अॅलर्जी, हे तुम्ही सांगा, विचारायची वाट बघू नका.

माझी डावी दाढ आज मस्त आहे, परवाच तिने शेंगदाण्याची चिक्की फोडली. उजवीकडच्या रिकाम्या जागेत मात्र जीभ अजून रोज जाऊन येते.

तर तुमची दाढ मागच्या आठवड्यात दुखत होती आणि आता थांबली असेल, तर हा भाग संपल्यावर पुढचा लावू नका. आधी डॉक्टरांना फोन लावा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!