पडद्याआड कोण आहे?



रुग्णसेवेत मला एक अनुभव वारंवार आला. आपल्या समाजातील रुग्ण मला पाहून प्रथम निश्चिंत होई आणि मग गप्प होई. 'या तर आपल्याच सिनेगॉगमधल्या' हा आधारही होता आणि अडचणही. क्षयाची शंका, मूल न होण्याचे दुःख, हे तो परक्या परिचारिकेजवळ सहज बोले. तिच्याकडून ते सोयरिकीच्या घरी पोहोचणार नव्हते. मला वाईट वाटे, राग मात्र कधी आला नाही.

म्हणूनच डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी दालनात डॉक्टरांना भेटण्याची नवी पद्धत आपल्यासारख्या लहान समाजाला विशेष प्रिय होईल, असे मला वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पडद्यावरील आभासी मुलाखतकारामागे माणूस नसून केवळ संगणक आहे असे ज्यांना वाटले, ते अधिक मोकळेपणाने बोलले. समोर कोणी नसले की लाज सरते.

वॉर्डातील पडदा कापडाचा होता. पलीकडच्या खाटेवरील बाई ऐकते आहे हे सर्वांना ठाऊक असे, म्हणून आवाज आपोआप खाली येई. आभासी दालनात ती जाणीवच होत नाही. उपकरण मात्र मान आणि हात कसे हलतात तेही टिपते. २०२० च्या एका प्रयोगात, प्रत्येकाच्या पाच मिनिटांहून कमी नोंदींवर शिकवलेल्या संगणकाने ५११ जणांमधून ९५ टक्के वेळा नेमका माणूस ओळखला. मग नाव झाकून काय उपयोग?

सिंगापूरमध्ये आज रुग्ण घरीच राहून रुग्णालयाची सेवा घेतो. डॉक्टर पडद्यावर भेटतात, परिचारिका घरी येते. त्याच देशात २०१८ साली सिंगहेल्थच्या १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीस गेली, त्यांतील १,६०,००० जणांच्या औषधांच्या नोंदीही गेल्या. पंतप्रधान ली सिएन लूंग त्यांत होते. आपल्या औषधांत चिंताजनक काही नाही, असे ते उघडपणे सांगू शकले. जानेवारी २०१९ मध्ये १४,२०० एचआयव्हीबाधितांची माहिती उघड झाल्याचे जाहीर झाले. त्यांना असे सांगण्याची सोय नव्हती. ती यादी पाहण्याचा अधिकार असलेल्या एका डॉक्टरच्या जोडीदाराने ती उघड केली, असे आरोग्य मंत्रालयाने सांगितले. कुलूप फोडावे लागले नाही.

तेव्हा उपकरण चढवण्यापूर्वी विचारा: दालनात आणखी कोण आहे? नोंद कोठे राहील, किती दिवस? ती पुसता येईल का? विचारण्याचा संकोच वाटला तर मला दूरध्वनी करा, प्रश्न लिहून देईन. आजाराचे नाव मला सांगण्याची आवश्यकता नाही.