परदेशी ट्रेकरला गाइडची सक्ती: नियम बरोबर, पण अर्धा

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय आपल्या घरचा आहे. मी फुलसावंगीचा, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. आमच्या जवळच पैनगंगा अभयारण्य आहे आणि तिकडे पांढरकवड्याकडे टिपेश्वर. नोकरी मात्र पुण्यात. आमच्या टीममधला एक स्वीडिश सहकारी परवा कॉलवर म्हणाला, "तुमच्याकडच्या जंगलात मला एकट्यानं चालायचंय. गाइड कशाला हवा?"

त्याचं चूक नाही हो. स्वीडन, नॉर्वेत रानात पायी फिरणं हा प्रत्येकाचा हक्क मानतात. आपल्याकडे गणित वेगळं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. ताडोब्यात सफारीला गेलात तर सोबत गाइड घ्यावाच लागतो, तुम्ही बर्लिनचे असा की बुलढाण्याचे.

नेपाळनं वेगळा रस्ता धरला. 1 एप्रिल 2023 पासून ट्रेकिंगच्या ठरलेल्या भागांत परदेशी माणसानं परवानाधारक गाइड घेतलाच पाहिजे, असा नियम केला. एकटे ट्रेकर हरवतात आणि स्थानिकांना काम मिळायला हवं, अशी दोन कारणं दिली. एव्हरेस्टच्या खुंबू भागातल्या पालिकेनं मात्र तो नियम लागू करायला नकार दिला.

मग परदेशी माणसालाच सक्ती का? वाघ काही पासपोर्ट बघत नाही. बरोबर आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली गोष्ट, संकटात मदत मागायची कशी? बाहेर ट्रेकर लोक सॅटेलाइटवरून एसओएस पाठवणारं यंत्र बाळगतात. भारतात ते सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही. ते सोबत आणल्यामुळे परदेशी पर्यटक विमानतळावर अडकलेत. आत नेटवर्क नाही, भाषा येत नाही. अशा वेळी गाइड हाच त्याचा एसओएस.

दुसरी गोष्ट, मॅपवर दिसत नाही ते. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं, अस्वल कुठे आहे ते नाही. मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे त्या झाडांखाली माणूस आणि अस्वल दोघंही येतात. वानरांनी खॅक-खॅक सुरू केलं तर थांबायचं, हे गावातल्या पोराला कळतं. आणि धोका गेटपाशी संपतही नाही. टिपेश्वरचा तो 'वॉकर' वाघ आठवा! 2019 मध्ये शेतं, रस्ते, नाले ओलांडत सुमारे 1300 किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

म्हणून मी सक्तीच्या बाजूनं आहे. पण सोबत गाइड बसवला की काम झालं, असं नाही. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात काय झालं? एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. गाड्यांत गाइड होतेच ना! नंतर चालक आणि गाइड निलंबित झाले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण 'अजून जवळ घ्या' म्हणणारा पर्यटक घरी गेला.

खरी गोची इथे आहे. ज्याची कमाई पर्यटकाच्या खुशीवर आणि टिपवर चालते, तो पर्यटकाला 'नाही' कसा म्हणेल? त्यामुळे सक्ती करायची तर तीन गोष्टी सोबत हव्यात. टिपेवर अवलंबून राहावं लागणार नाही इतकं मानधन. प्रथमोपचार आणि कामापुरत्या इंग्रजीचं प्रशिक्षण. आणि 'इथून मागे फिरायचं' हा गाइडचा शब्द शेवटचा, त्याबद्दल पैसे परत मागायचे नाहीत. हे नसेल तर गाइड म्हणजे नुसती आणखी एक पावती.

माझ्या सहकाऱ्याला मी एवढंच म्हणालो, "तू ये. पण आमच्याकडचा गाइड रस्ता दाखवायला नसतो, थांबवायला असतो." तो जरा विचारात पडला, मग म्हणाला, "मानधन किती द्यायचं ते आधी सांग."

तुम्हीही पुढच्या सफारीला 'भाऊ, वाघ दाखवा' ऐवजी 'भाऊ, हा आवाज कसला?' असं विचारून बघा. मग काय ऐकायला मिळालं ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!