‘वुड-बी’ आणि ‘होणारा’

सुरतेजवळच्या कामरेजसारख्या गावी एखाद्या मराठी घरात साखरपुडा झाला, की मुलगी नियोजित वराचा उल्लेख ‘माझा वुड-बी’ असा करू लागते. गुजराती शेजारीण ‘थनार जमाई’ म्हणते, आजी ‘होणारा जावई’ म्हणते. या दोन्ही शब्दांत निश्चिती आहे. इंग्रजी शब्दात ती नाही. ‘वुड’ हे ‘विल्’चे भूतकाळी रूप, आणि ‘विल्’चा मूळ अर्थ इच्छा. म्हणून इंग्रज माणूस नामाआधी ‘वुड-बी’ लावतो तो बहुधा इच्छा आहे पण सिद्धी नाही अशा ठिकाणी: कवी होऊ पाहणारा, बेत फसलेला मारेकरी. बेन जॉन्सनच्या, १६०७ साली छापलेल्या ‘व्होल्पोने’ नाटकात राजकारण जाणत असल्याचा आव आणणाऱ्या प्रवाशाचे आडनावच ‘वुड-बी’ आहे!

भारतात हा शब्द नामाविना, एकटाच, ‘वाग्दत्त’ या अर्थी रूढ झाला आहे आणि येथे त्याने कोणाचा घोटाळा होत नाही. पण विलायतेला धाडलेल्या पत्रात ‘वुड-बी हजबंड’ असे गेले, तर वाचणाऱ्यास वाटावे, गृहस्थ लग्नास उत्सुक आहे, मुलीचा होकार मात्र अजून यायचा आहे. तेथे ‘फियान्से’ लिहावे.