पिकअपचा स्टिअरिंग रॅक घरी बदलताना

घोडागाडीचा पुढचा संपूर्ण आस फिरवण्याऐवजी दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर स्वतंत्रपणे वळावीत, ही कल्पना म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांची. १८१८ मध्ये त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी तिचे पेटंट घेतले आणि नावही त्यांचेच टिकले. चाके कशी वळावीत याचा मूळ विचार अशा रीतीने मोटार जन्माला येण्यापूर्वीच झालेला होता. पुढच्या काळात बदलत गेले ते चालकाच्या हाताचा जोर त्या खुंटीपर्यंत पोचवण्याचे साधन. अमेरिकी पिकअपमध्ये दीर्घकाळ हे काम एका जड लोखंडी पेटीकडे होते, जिच्यात स्क्रू आणि नट यांच्या खाचांमधून छर्रे फिरत राहतात. ओझे वाहणाऱ्या गाडीला तीच रचना सोसवते, अशी समजूत होती आणि अधिक वजनी पिकअपच्या बाबतीत ती आजही खोटी ठरलेली नाही. हलक्या पिकअपमध्ये मात्र चित्र पालटले आणि २००४ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये रॅक-पिनियन आले. प्रस्तुत विवेचन याच वर्गातील, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या रॅकपुरते मर्यादित आहे.

रॅक म्हणजे दात पाडलेली आडवी पोलादी दांडी आणि पिनियन म्हणजे तिच्या दातांत अडकलेले छोटे दंतचक्र. स्टिअरिंग फिरले की पिनियन फिरते, दांडी डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड चाकांना ढकलतात किंवा ओढतात. पॉवर स्टिअरिंगमध्ये या दांडीवरच एक दट्ट्या बसवलेला असतो आणि त्याच्या एका बाजूला तेलाचा दाब सोडला की तो दांडीला त्या दिशेने रेटतो. कोणत्या बाजूला आणि किती दाब सोडायचा, हे ठरवणारी युक्ती विशेष सुंदर आहे. पिनियनच्या वरच्या अंगाला एक बारीक पोलादी सळई असते. चाके अडून बसली की स्टिअरिंगच्या जोराने ती किंचित पिळली जाते आणि तेवढ्या पिळाने झडपेची वाट उघडते. हात सैल पडला की सळई सरळ होते आणि वाट मिटते. तेलाच्या दाबाचे असे सहाय्य अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकातच गाडीवर चालवून दाखवले होते. ग्राहकाच्या गाडीत ते प्रथम आले १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमधून.

असा रॅक घरी बदलण्याची प्रथा अमेरिकेत रुजली याची कारणे उघड आहेत. घराला लागून गॅरेज असते, मेकॅनिकची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या पुढे सहज जाते आणि सुटे भाग विकणारी दुकाने अनामत घेऊन खास अवजारेही देतात. महाराष्ट्रात भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपचा मालक असे काम मिस्त्रीकडे सोपवतो, कारण तेथे मजुरीपेक्षा गाडी उभी राहिल्याचा खर्च जड असतो. अमेरिकेत जुना रॅक दुकानाला परत दिला की नव्याच्या किमतीत धरलेली अनामत परत मिळते. तो खोलून, सील बदलून पुन्हा बाजारात येतो. घरी बसवले जाणारे रॅक पुष्कळदा असे पुनर्निर्मितच असतात आणि म्हणून बसवण्यापूर्वी जुना व नवा शेजारी ठेवून लांबी, पाइपांची तोंडे आणि बोल्टची भोके ताडून पाहणे गरजेचे असते.

रॅक खरोखर गेला आहे का, हे आधी ठरवावे. दांडीच्या टोकांना रबराचे घडीदार बूट असतात; त्यांत तेल साचलेले दिसले तर आतले सील फाटले, याविषयी शंका उरत नाही. स्टिअरिंगमध्ये आलेला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मात्र टाय रॉडच्या झिजलेल्या टोकाचाही असू शकतो, आणि ते टोक रॅकच्या मानाने किरकोळ किमतीत बदलते. कधी तेल बाहेर न गळताही रॅक आतून गेलेला असतो. १९८० च्या दशकातील जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत सकाळी स्टिअरिंग जड लागे आणि इंजिन तापले की हलके होई. झडपेवरच्या कड्यांनी ॲल्युमिनियमच्या घरात चर पाडलेले असत आणि थंड असताना त्यांतून दाब निसटे. अशा दुखण्याला तेल बदलणे हा उपाय नव्हे, पण तो करून पाहणारे पुष्कळ असतात.

दुरुस्तीच्या छापील पुस्तकांत भाग खोलण्याच्या पायऱ्या सविस्तर देऊन शेवटी, बसवण्याचा क्रम याच्या उलट, असे एका वाक्यात आटोपण्याची पद्धत आहे. आल्टरनेटर किंवा रेडिएटर यांना ती लागू पडते. स्टिअरिंग रॅकला पडत नाही. येथे खोलणे हे ताकदीचे काम आहे, बसवणे हे मोजमापाचे. आणि खोलताना जे मोजून ठेवले नाही, ते उलट क्रमाने परत मिळत नाही.

सपाट जमिनीवर मागच्या चाकांना ठोकळे लावून, पुढचा भाग जॅकने उचलून तो घोड्यांवर, म्हणजे पक्क्या लोखंडी तिवयांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून टाकावे. सीटबेल्ट त्याच्या आऱ्यांतून ओवून अडकवला तरी चालते. ही खबरदारी क्षुल्लक वाटते, परंतु स्टिअरिंगच्या पाठीमागे एअरबॅग आणि हॉर्नची तार घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, आणि स्टिअरिंगला पिनियनशी जोडणारा मधला दांडा सुटल्यावर कुणी सहज चाक गरगर फिरवले तर ती तुटते. मग रॅक उत्तम बसूनही एअरबॅगचा दिवा पेटलेला राहतो आणि एका दुरुस्तीतून दुसरी निघते.

टाय रॉडचे टोक ज्या निमुळत्या छिद्रात रुतलेले असते, तेथे नट काढल्यावरही ते हलत नाही. अननुभवी हात अशा वेळी आट्यांवरच हातोडा चालवतो आणि आटे चपटे करून बसतो. नट दोन-तीन आटे धरून ठेवावा आणि घाव छिद्राभोवतालच्या जाड लोखंडावर बाजूने घालावा. लोखंड क्षणभर दबते आणि टोक टपकन सुटते. बर्फावर मीठ टाकणाऱ्या अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र बोल्ट इतके गंजून जाम झालेले असतात की आदल्या रात्री तेल सोडून ठेवल्याखेरीज कामाला हात घालू नये. मधला दांडा पिनियनपासून सुटण्यापूर्वी दोघांवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. पाइप सोडताना खाली परात ठेवावी आणि जोडावरची जुनी रिंग पुन्हा वापरू नये. काही पैशांची ती रिंग गळली तर सगळे काम पुन्हा खोलावे लागते.

नवा रॅक मध्यावर आणणे, हा या कामाचा गाभा होय. पिनियन एका टोकापर्यंत फिरवून तेथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजावेत. ते साडेतीन भरले तर पावणेदोन फेरे मागे येताच दांडी मध्यावर येते. या स्थितीतच सरळ बांधलेल्या स्टिअरिंगचा दांडा तिला जोडावा. येथे एका दाताची चूक झाली तर गाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला अधिक वळते, आणि टाय रॉड कमी-जास्त करून स्टिअरिंग सरळ दिसू लागले तरी तो दोष आत तसाच राहतो. टाय रॉडचे टोक काढताना फेरे मोजून नव्यावर तेवढेच चढवण्याची चाल सर्वत्र आहे, पण नव्या रॅकची लांबी मिलिमीटरभर वेगळी असली तरी ती फसते. रॅकच्या बाहेरच्या आवरणाच्या ठरलेल्या कडेपासून टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजणे अधिक भरवशाचे.

त्यानंतर हवा काढण्याचे काम उरते, आणि त्याला घाई मानवत नाही. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे बुडबुडे राहिले तर पंप कण्हतो आणि टाकीतले तेल फेसाळते. पुढची चाके अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुष्कळदा फिरवावे, तेल भरत राहावे, आणि फेस बसल्यावरच इंजिन सुरू करावे. टोकाला नेऊन दाबून धरू नये. तेथे पंपाचा दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्याही वर जातो. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच घालावे.

शेवटी येते चाकांची दिशा जुळवणे, म्हणजे अलाइनमेंट. ती दोऱ्याने करणारे कसबी लोक आहेत, आणि अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरती ती जुळणी पुरते. चाकांची पुढची तोंडे किंचित आत वा बाहेर राहिली, तर टायरची कड करवतीसारखी झिजते आणि ती बोटाला जाणवेपर्यंत टायर वाया गेलेला असतो. यंत्रावरील अलाइनमेंट घरी होत नाही.

२०११ पासून एफ-१५० मध्ये बहुतेक इंजिनांसोबत तेलाच्या जागी विद्युत मोटरचे सहाय्य आले. त्या रॅकला पंप नाही, पाइप नाहीत, हवा काढण्याची कटकट नाही; खोलणे-बसवणे सोपे झाले, पण नव्या रॅकमधील संगणकाची गाडीशी ओळख करून देण्यास निदान-उपकरण लागते आणि ते हाती नसेल तर बोल्ट कितीही नीट आवळलेले असोत, काम अर्धेच राहते. म्हणून घरी हे काम करू पाहणाऱ्याने गाडीचे वर्ष आणि इंजिन आधी तपासावे, अलाइनमेंटच्या दुकानाची वेळ पक्की करावी, आणि मगच पहिला बोल्ट ढिला करावा.