जुना संगणक : दुरुस्ती की नवी खरेदी?

(कोल्हापूर येथे शिक्षक, ग्रंथपाल व सहकारी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. शाळेच्या कार्यालयात, गावच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या पतसंस्थेत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला टेबलावरचा संगणक कुरकुरू लागला आहे. तो दुरुस्त करावा की मोडीत काढून नवा घ्यावा, एवढाच प्रश्न. परंतु हा प्रश्न शेकडो संस्थांपुढे एकाच वेळी उभा राहतो, तेव्हा तो खाजगी राहत नाही. वस्तूचे आयुष्य कोणी ठरवायचे, वापरणाऱ्याने की विकणाऱ्याने, असा तो अर्थशास्त्राचा आणि काही अंशी लोकशाहीचाही प्रश्न बनतो.

या प्रश्नाला निकड आली ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज 10’ या आज्ञाप्रणालीचा नेहमीचा सांभाळ थांबविला. वैयक्तिक ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेपुरती मुदतवाढ मिळाली; संस्थांसाठी मात्र पहिल्या वर्षाला प्रत्येक यंत्रामागे 61 डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा आकार जाहीर झाला. ‘विंडोज 11’ घ्यावी म्हटले, तर तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे 2017 च्या प्रारंभी बाजारात आलेल्या सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर 2021 मध्ये आलेल्या प्रणालीच्या दारातच अडविले गेले. ‘कॅनालिस’ या संशोधन संस्थेने 2023 च्या अखेरीस असा अंदाज वर्तविला होता, की यामुळे जगभरातील सुमारे 24 कोटी संगणक भंगारात निघू शकतील. यांतील कित्येक यंत्रांचा एक स्क्रूही सैल झालेला नसेल. यंत्र चालते आहे. ते चालू नये असा निर्णय अन्यत्र झाला आहे.

हिशेब कसा मांडावा

प्रथम शुद्ध हिशेब पाहू. संगणकासाठी दहा वर्षांपूर्वी 40,000 रुपये मोजले, म्हणून तो टाकवत नाही, असे कित्येक विश्वस्त म्हणतात. हा युक्तिवाद चुकीचा आहे. गेलेला पैसा गेला. दुरुस्ती करा वा न करा, तो परत येणार नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात, आणि पुढच्या निर्णयात त्याला स्थान नाही.

पण याच्या उलट दिशेची चूकही तितकीच प्रचलित आहे. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा धरला जातो. 40,000 रुपयांचे यंत्र पाचव्या वर्षाअखेरीस वहीत अवघ्या 3,110 रुपयांचे उरते. कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात तर अशा संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीनच वर्षे मानले आहे. हे वाचून हिशेबनीस म्हणतो, ‘वहीत किंमतच उरली नाही, मग दुरुस्तीवर खर्च कशाला?’ वहीतील आयुष्य हे कर आकारण्याच्या सोयीसाठी असते. यंत्राने ती वही वाचलेली नसते.

मग खरा हिशेब कोणता? पुढच्या प्रत्येक वर्षाच्या सेवेला काय पडते, एवढेच पाहावे. समजा, नवा संगणक 42,000 रुपयांना पडतो आणि सात वर्षे चालेल अशी अपेक्षा आहे. म्हणजे वर्षाला 6,000 रुपये. जुन्याच्या दुरुस्तीला 6,000 रुपये लागून तो आणखी दोन वर्षे चालणार असेल, तर वर्षाला 3,000 रुपये पडतात. दुरुस्ती निम्म्यात झाली. आणि ते यंत्र एकच वर्ष टिकले तरी बरोबरी होते. याउलट, दुरुस्तीला 18,000 रुपये लागून दोनच वर्षांची शाश्वती असेल, तर वर्षाला 9,000 रुपये होतात. तेथे हळहळ न करता नवे यंत्र घ्यावे.

या हिशेबात एक रकाना बहुधा कोराच राहतो, तो म्हणजे माणसाच्या वेळेचा. संगणक सुरू व्हायला, एकेक दाखला उघडायला मिळून रोज पंधरा मिनिटे वाया जात असतील, तर वर्षाच्या 280 दिवसांत 70 तास जातात. तासाला 100 रुपये धरले तरी हे 7,000 रुपये झाले, म्हणजे नव्या यंत्राच्या वार्षिक खर्चाहूनही अधिक. शिवाय हा केवळ कारकुनाचा वेळ झाला. 2011 साली ‘संग्राम’ प्रकल्पातून आणि 2016 नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रां’तून ग्रामपंचायतीत संगणक आला. त्याच्यासमोर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या शेतमजुराचा अर्धा दिवस बुडाला, तर तो कोणत्याच वहीत नोंदला जात नाही. काटकसरीच्या नावाखाली गरिबाच्या वेळेची उधळपट्टी करणे ही काटकसर नव्हे. जुने ते सांभाळा असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

यंत्र उघडून पाहा

मात्र संथपणा म्हणजे म्हातारपण नव्हे. संगणकाचा कोणता भाग थकला आहे, हे पाहिल्याखेरीज निकाल देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. जुन्या यंत्रांतील हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. फिरणारी वस्तू झिजते आणि संथही असते. तिच्या जागी एसएसडी बसविली, रॅम वाढविली, की दहा वर्षांचे यंत्रही लेखनाच्या, हिशेबाच्या व पत्रव्यवहाराच्या कामाला हुशारीने उभे राहते. यंत्र सुरूच होत नसेल, तर बहुधा पॉवर सप्लाय गेलेला असतो, किंवा रॅमच्या पट्टीचे संपर्क मळलेले असतात. घड्याळ व तारीख चुकू लागली, तर आत नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तापून बंद पडत असेल, तर पंख्यात धूळ साठलेली असते आणि प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप सुकलेला असतो. ही सारी कामे थोडक्या खर्चाची आहेत. मदरबोर्ड जळला, त्यावरचे कपॅसिटर फुगून फुटले आणि त्या जातीचा बोर्ड बाजारात उरला नाही, तर मात्र प्रकरण निराळे. जाड काचेचा जुना पडदा असेल, तर तो वीजही अधिक खातो. तो बदलणेच बरे.

2025 च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी स्मृती-चिपांची मागणी एवढी वाढविली, की रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे सुटा भाग महागला, तसा नवा संगणकही महागला. दर हातात घेऊनच वरील भागाकार करावा. ठोकताळ्यावर विसंबू नये.

मराठी संस्थांची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी कित्येक वर्षे आपले ठराव, इतिवृत्ते, ग्रंथांच्या याद्या ‘श्रीलिपी’सारख्या संचांच्या जुन्या टंकांत लिहिल्या गेल्या. तो टंक नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या, की अक्षरांऐवजी नुसती खिचडी दिसते. काही हिशेब-प्रणाली तर डोंगल नावाच्या कुलपाशिवाय उघडतच नाहीत. म्हणून यंत्र बदलण्याआधी मजकुराची प्रत काढणे आणि तो युनिकोडमध्ये उतरविणे हे पहिले काम होय. यंत्राची किंमत करता येते. तीस वर्षांच्या इतिवृत्ताची करता येत नाही.

कोल्हापूरची परंपरा आणि नवे कुलूप

दुरुस्तीचे महत्त्व कोल्हापूरला शिकवावे लागू नये. परदेशी यंत्राची रचना समजावून घेऊन बाबूराव पेंटर यांनी दामल्यांच्या साहाय्याने 1918 साली येथेच स्वतःचा कॅमेरा बनविला, आणि त्यातून पुढे 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. शिवाजी उद्यमनगरातील कारखानदारी अशाच हातांवर वाढली. ऑइल इंजिनाचा सिलिंडर बोअर करायचा, नवी स्लीव्ह घालायची, क्रँक घासायचा, नसलेला भाग ओतून घ्यायचा, आणि शेतकऱ्याचे इंजिन पुन्हा विहिरीवर पाठवायचे. दुरुस्ती ही येथे कारागिराची शाळाच होती. दुरुस्त करता करताच माणसे निर्माते झाली.

इंजिन आणि संगणक यांत फरक आहे तो हा, की इंजिन कोणाही हुशार मिस्त्रीला उघडता येते. चिप उद्यमनगरात ओतता येत नाही. बोर्डाचे आराखडे कंपनी देत नाही. आणि सगळे भाग शाबूत असले तरी आज्ञाप्रणालीचे कुलूप कंपनीच्या हाती राहते. वस्तूचे आयुष्य मुद्दाम घटविण्याची कल्पना मात्र नवी नाही. 1924 साली जिनिव्हा येथे बड्या दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ करून विजेच्या दिव्याचे आयुष्य 1,000 तासांवर बांधले, आणि अधिक काळ जळणारे दिवे काढणाऱ्या सभासदाला दंडाची तरतूद केली. व्हान्स पॅकर्ड यांनी 1960 मध्ये ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात याच प्रवृत्तीची चिकित्सा केली होती. तेव्हा तंतू पातळ करीत. आता परवाना आखूड करतात.

याचा भार कोणावर पडतो? संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या 2004 मधील अभ्यासानुसार त्या काळचा पडद्यासह एक संगणक घडविण्यास किमान 240 किलो खनिज इंधन, 22 किलो रसायने आणि 1,500 किलो पाणी लागत असे. 2022 साली जगात 6.2 कोटी टन विद्युत कचरा निघाला. त्यातील केवळ 22.3 टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. भारताचा वाटा सुमारे 41 लाख टनांचा होता. आपल्याकडे विद्युत कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि उत्पादकावर जबाबदारी आली. तरीही दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादेत उघड्या हातांनी बोर्ड जाळून, आम्लात बुडवून तांबे-सोने वेगळे करणारी माणसे आहेत. नव्या यंत्राच्या पावतीवर त्यांच्या फुप्फुसांची किंमत छापलेली नसते.

काय करता येईल

पहिला उपाय हाताशी आहे. मुक्त प्रणालीला कंपनीच्या परवान्याची गरज नाही. सी-डॅकने 2007 मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली आणली. केरळच्या सरकारी व अनुदानित शाळांनी तर मुक्त प्रणालीचा मार्ग पत्करून 2019 साली दोन लाखांहून अधिक संगणकांवर लिनक्सची नवी आवृत्ती बसविण्याचे ठरविले. अमुक हिशेब-प्रणाली किंवा अमुक स्वाक्षरी-यंत्र तीवर चालत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून पतसंस्थेच्या मुख्य यंत्राचा निर्णय सावधपणे घ्यावा. पण वाचनालयाची यादी, मुलांचा सराव आणि पत्रलेखन यांसाठी अडचण नाही.

दुसरा उपाय कायद्याचा. 2014 साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना नाकारल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड सुनावला. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही तिची क्षेत्रे आहेत. त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघाने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. भाग किती वर्षे मिळतील आणि प्रणाली किती वर्षे सांभाळली जाईल, हे खरेदीच्या दिवशी वेष्टनावर लिहिलेले असावे, एवढी मागणी तरी आपण केलीच पाहिजे.

तिसरा उपाय आपल्या संस्थांच्या घरातला. खरेदीला अनुदान मिळते, दुरुस्तीला मिळत नाही. खरेदीचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही. म्हणून अंदाजपत्रकात दुरुस्तीचा वेगळा शीर्षक असावा. चार-पाच शेजारच्या संस्थांनी मिळून एक चांगला दुरुस्तीकार वार्षिक करारावर नेमावा, सुटे भाग एकत्र घ्यावेत, आणि आयटीआयमध्ये हे काम शिकणाऱ्या मुलामुलींना त्याच्या हाताखाली उमेदवारी द्यावी. 1980 च्या दशकात बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणक माणसाचे काम हिरावून घेईल काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. दुरुस्ती हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे. कारण नव्या यंत्राचे बरेचसे पैसे जिल्ह्याबाहेर जातात, दुरुस्तीच्या मजुरीचे पैसे राजारामपुरीत किंवा इचलकरंजीत राहतात.

सारांश, जुने म्हणून कवटाळू नये आणि नवे म्हणून भुलू नये. मजकूर सुरक्षित करावा, यंत्र उघडून पाहावे, वर्षागणिक खर्च मांडावा, त्यात रांगेतल्या माणसाचा वेळ धरावा, आणि मग निर्णय घ्यावा. तो निर्णय कधी नव्या खरेदीचा असेल, कधी दुरुस्तीचा. पण तो आपला असावा. दूरच्या कंपनीने ठरविलेल्या तारखेला चालते यंत्र भंगारात घालणे, यात निर्णय नाही, केवळ आज्ञापालन आहे.