'तिलक' की 'टिळक'?



इंडस्ट्रियल एरियातील कचेरीतून आम्ही एका सायंकाळी घरी परतलो, तो चिरंजीव खट्टू होऊन बसलेले. लोकमान्यांची माहिती मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर मिळत नाही, ही तक्रार. पाहतो तो शोधाच्या चौकटीत 'तिलक' असे लिहिलेले! दोष कोशाचा नव्हता. चंदीगडच्या हिंदी वातावरणात त्याच्या जिभेवरून 'ळ' निसटला होता, आणि आम्हीच तो निसटू दिला होता.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाई येथे उभारलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज त्यातील नोंदी घरबसल्या वाचता येतात. परंतु तेथील वाट वर्णमालेतूनच जाते. नोंदी अकारविल्हे लावलेल्या, व्यक्तीचे आडनाव आधी. म्हणून लोकमान्य 'त' मध्ये नव्हे, 'ल' मध्येही नव्हे, तर 'ट' मध्ये भेटतात. तसे ते भेटले, आणि पोराची कळी खुलली.

आपण मुलांकडून वर्णमाला म्हणवून घेऊ या. 'ह' नंतर 'ळ' येतो, एवढे त्यांना उमगले, तरी कोशाचे दार त्यांना परके राहणार नाही.