पडद्यावरचे चित्र कोणाचे?
(वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



‘व्हिडिओ कला’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी आज प्रथमच ऐकला असेल. चित्रकला आपल्याला ठाऊक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना आपली मुले बसतात. परंतु दूरचित्रवाणीचा पडदा हीच पाटी मानून तिच्यावर कलाकृती घडविणारेही कलावंत झाले. त्यांची ओळख करून देण्यामागे माझा एक हेतू आहे. मुले तासन् तास मोबाईलच्या पडद्याकडे पाहतात, ही घरोघरची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण पडदा हिसकावून घेणे एवढाच उपाय आपल्याजवळ आहे काय?

चित्रपटाची फिल्म रसायनांत धुवावी लागते. मगच चित्र दिसते. व्हिडिओत कॅमेऱ्यासमोरचे दृश्य विद्युत्‌संकेत होऊन त्याच क्षणी पडद्यावर उमटते, आणि टेप पुसून पुन्हा वापरता येते. १९६० नंतरच्या दशकात सोनी कंपनीचा खांद्यावरून नेता येणारा व्हिडिओ संच बाजारात आला. तोपर्यंत दूरचित्रवाणीवर काय दाखवायचे हे मोठमोठी केंद्रे ठरवीत आणि लोक निमूटपणे पाहत. आता एकटा माणूसही आपले दृश्य टिपू शकला. व्हिडिओ कलेच्या वाढीमागे हे मोठे कारण आहे.

या कलेचे जनक म्हणून नाम जून पाईक यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १९३२ साली कोरियातील सोल येथे झाला. टोकियो विद्यापीठात शिक्षण घेऊन ते पुढील अभ्यासासाठी पश्चिम जर्मनीत गेले. १९६३ साली वुपर्टाल शहरात त्यांनी प्रदर्शन भरविले, त्यात दूरचित्रवाणीचे संच मांडले आणि आतील जोडण्या बदलून चित्रे वेडीवाकडी केली. एक संच बिघडलेला होता. त्यावर फक्त एक रेघ दिसे. पाईक यांनी तो टाकून दिला नाही. आडवा करून ठेवला, रेघ उभी केली आणि तीच कलाकृती म्हणून मांडली.

१९६५ साली त्यांनी संचावर मोठा लोहचुंबक ठेवला आणि पडद्यावर सुंदर वलये उमटली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी याचे कारण सांगावे. जुन्या संचाच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आपटून चित्र काढी. चुंबकीय क्षेत्रात हा झोत वळतो, म्हणून चित्रही वळते. वर्गात आपण जो नियम पाठ करतो, त्यातूनच हे चित्र निघाले. १ जानेवारी १९८४ रोजी तर त्यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिस उपग्रहाने जोडून दोन्हीकडच्या कलावंतांचा एकत्र कार्यक्रम प्रक्षेपित केला. २००६ साली त्यांचे निधन झाले.

जुन्या संचावर चित्र वरून खाली सरकू लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अमेरिकेतील जोन जोनास यांनी १९७२ साली हाच दोष मुद्दाम वापरून ‘व्हर्टिकल रोल’ ही कृती केली. पडद्यावरची स्त्री सरळ, स्थिर दिसतच नाही. पडदा आपल्याला बाई कशी दाखवतो, हा प्रश्न त्यांनी यंत्राच्या दोषातूनच विचारला.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी चित्रकार व चित्रपटकार यांच्यासाठी मुंबईत कार्यशाळा उघडली. ते काम फिल्मवरचे होते. परंतु चित्रकाराने कॅमेरा हाती घ्यावा ही वाट तेथे रुळली. तेथे काम करणाऱ्या तरुणांत नलिनी मलानी होत्या. त्यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला आणि फाळणीने त्यांचे कुटुंब इकडे आले. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेवरून व्हिडिओ कृती रचली. पत्र्याच्या ट्रंकांमध्ये दूरचित्रवाणीचे संच ठेवले, कारण निर्वासिताचा संसार ट्रंकेतच मावतो. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहतात. त्या दोन स्त्रिया म्हणजे दोन देश, हे निराळे सांगावे लागत नाही. २०२३ साली त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

इराणच्या शिरीन नेशात यांची १९९८ ची ‘टर्ब्युलंट’ ही कृतीही समोरासमोरच्या दोन पडद्यांवर चालते. एकीकडे पुरुष भरल्या सभेपुढे गातो. दुसरीकडे स्त्री रिकाम्या खुर्च्यांपुढे गाते. त्या देशात स्त्रीने सर्वांसमोर एकटीने गाण्यास बंदी, हे त्यामागचे वास्तव. प्रेक्षक मध्ये उभा राहतो, आणि कोणाकडे वळायचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, पाईक यांना जे यंत्र कष्टाने मिळवावे लागले, त्याहून समर्थ यंत्र आज तुमच्या घरात आहे. पण यंत्र हाती आले म्हणजे कला आली असे नव्हे. एक लहानसा अभ्यास करून पहा. घरातली एखादी नेहमीची गोष्ट निवडा: आईचे भाकरी थापणारे हात, अंगणात पडणारा पाऊस. ती एक मिनिट, कॅमेरा न हलवता, न बोलता टिपा. मग स्वतःला विचारा, हे मी का टिपले? उत्तर सापडेपर्यंत पुन्हा टिपा.

आणि पालकहो, मुलाने ते दाखविले तर “याचे मार्क किती?” असे विचारू नका. “तुला यात काय दिसले?” असे विचारा. जो मुलगा किंवा जी मुलगी एकदा स्वतः चित्र घडवते, तिला दुसऱ्याने घडविलेले चित्र कसे फसवते हेही कळू लागते. आजच्या काळात हे शिक्षण चैनीचे नाही, गरजेचे आहे.